हवाई वाहतूक नियंत्रकाची अभियोग्यता व निवड

विमानतळावर व आकाशमार्गांत विमानांची टक्कर होऊ नये आणि त्यांची ये-जा सुरळीत व विनाविलंब व्हावी, यासाठी जमिनीवरून वैमानिकांना सूचना व परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यास हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. या कामासाठी लागणारी उपजत व अर्जित पात्रता म्हणजे नियंत्रकाची अभियोग्यता होय. ती प्रशिक्षणापूर्वीच ओळखता यावी यासाठी निरनिराळ्या देशांत कसोट्या रचण्यात आल्या. या कसोट्यांचा इतिहास शंभर वर्षांहून कमी आहे. जे सामर्थ्य केवळ प्रत्यक्ष कामातच दिसून येते, त्याचे मापन आधी कसे करावयाचे, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न असून त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. मात्र तो सोडविण्याच्या प्रयत्नांतून या व्यवसायाची घडण झाली आहे.

कामाचे स्वरूप : नियंत्रकाच्या कामाचे तीन स्थूल विभाग पडतात. विमानतळाच्या मनोऱ्यातील नियंत्रक धावपट्टीवरील उड्डाणे व अवतरणे हाताळतो. समीप-नियंत्रक विमानतळाकडे येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या विमानांची रांग लावतो. क्षेत्र-नियंत्रक दूरच्या मार्गांवरील, उंचावरून जाणारी विमाने सांभाळतो. रडारचा पडदा, नभोवाणी संच आणि प्रत्येक विमानाची माहिती टिपलेली प्रगतिपट्टी ही त्याची परंपरागत साधने होत. पट्टीची जागा आता अनेक ठिकाणी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे.

या कामातील गणित अवघड नसते. समजा, एकाच उंचीवरील दोन विमाने वेगवेगळ्या दिशांनी एकाच बिंदूकडे जात आहेत. पहिले ८० किमी. दूर असून त्याचा वेग ताशी ४८० किमी. आहे, दुसरे १०५ किमी. दूर असून त्याचा वेग ताशी ६०० किमी. आहे. पहिले विमान १० मिनिटांत त्या बिंदूवर पोहोचेल, त्या वेळी दुसरे त्यापासून केवळ ५ किमी. अंतरावर असेल. रडारच्या साहाय्याने नियंत्रित होणाऱ्या मार्गांवर सर्वसाधारणपणे ५ सागरी मैल, म्हणजे सु. ९·३ किमी. अंतर आवश्यक असते. म्हणून नियंत्रकास दोहोंपैकी एका विमानाची उंची १,००० फुटांनी (सु. ३०० मी.) बदलावी लागेल, किंवा त्याची दिशा वळवावी लागेल. हे उदाहरण शाळेतील विद्यार्थीही सोडवील. नियंत्रकास मात्र ते कागदावाचून, काही क्षणांत आणि आणखी आठ-दहा विमानांचे बोलणे ऐकत असताना सोडवावे लागते. शिवाय असे उदाहरण समोर आहे, हे त्यास कोणी सांगत नाही. ते त्यानेच ओळखावयाचे असते. आकाशातील सर्व विमानांची स्थाने, उंची व पुढील हालचाल यांचे जे सलग चित्र नियंत्रकाच्या मनात सतत असते, त्यालाच अनुभवी नियंत्रक आपले खरे साधन मानतात. अवकाशाची जाण, अल्पकालीन स्मृती, विभाजित अवधान, त्वरित निर्णयशक्ती आणि दडपणाखाली टिकणारी मनाची स्थिरता या घटकांवर ते चित्र उभे असते.

पूर्वेतिहास : १९२० मध्ये लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावर जगातील पहिला नियंत्रण मनोरा उभारण्यात आला. अमेरिकेत १९२९ मध्ये सेंट लुइस येथे आर्ची लीग हा नियंत्रक धावपट्टीच्या टोकाशी उभा राहून झेंड्यांनी वैमानिकांना खुणा करीत असे. त्याचे सर्व साहित्य एका हातगाडीत मावे. १९३५ मध्ये विमान कंपन्यांनी नेवार्क येथे पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र उघडले व पुढील वर्षी ते संघीय शासनाने ताब्यात घेतले. तेथील नियंत्रक नकाशावर विमानांची चिन्हे हाताने सरकवून त्यांची स्थाने लक्षात ठेवीत. या काळात निवडीची वेगळी पद्धत नव्हती. विमानोड्डाणाचा किंवा बिनतारी संदेशवहनाचा अनुभव एवढीच पात्रता पुरेशी समजली जाई. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना स्थापन झाली. तिने कराराच्या परिशिष्टांद्वारे नियंत्रकाचे वय, ज्ञान, आरोग्य आणि परवाना यांविषयी समान मानके घालून दिली.

अभियोग्यता कसोट्यांचा उगम व विकास : विशिष्ट कामासाठी माणसे निवडण्यास मानसशास्त्राचा उपयोग करण्याची कल्पना विमानवाहतुकीहून जुनी आहे. ह्यूगो म्यून्स्टरबेर्ख या जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ट्रामचालकांच्या अवधानाची कसोटी घेण्याचे प्रयोग केले. रस्त्यावरील अनेक हलत्या गोष्टींतून धोक्याची गोष्ट नेमकी हेरण्याची शक्ती त्यास मोजावयाची होती; नियंत्रकाच्या कसोटीचे हे बीज म्हणता येईल. दोन्ही महायुद्धांत वैमानिकांच्या निवडीसाठी अशा कसोट्या मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आल्या. भारतात १९४३ मध्ये डेहराडून येथे सैन्यातील अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी प्रायोगिक मंडळ स्थापन झाले आणि मुलाखतीच्या जोडीस मानसशास्त्रीय व गटकार्याच्या कसोट्या आल्या. [→ मानसिक कसोट्या].

नियंत्रकांसाठी स्वतंत्र कसोट्यांची निकड अमेरिकेत प्रथम भासली. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९५८ च्या कायद्याने संघीय विमानवाहतूक यंत्रणेची पुनर्रचना झाली आणि नियंत्रकांची भरती वाढली. प्रशिक्षणावर मोठा खर्च होऊनही अनेक उमेदवार अर्ध्यातच गळत. म्हणून ओक्लाहोमा सिटी येथील वैद्यकीय संस्थेत कोणत्या कसोटीतील गुण पुढील यशाशी जुळतात, याचे संशोधन सुरू झाले. या अभ्यासांतून पूर्वानुभवापेक्षा तर्क व अवकाशविषयक कसोट्यांचे गुण अधिक उपयोगी ठरतात आणि वय वाढेल तशी यशाची शक्यता घटते, असे दिसून आले. १९७२ मध्ये अमेरिकेत प्रवेशाच्या कमाल वयाविषयी कायदा करण्यात आला. १९७६ ते १९९२ या काळात अकादमीतील आरंभीचा अभ्यासक्रमच चाळणी म्हणून वापरीत व त्यात सु. ४० टक्के उमेदवार गळत.

ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना अमेरिकन शासनाने बडतर्फ केले. त्यांच्या जागी नवी पिढी उभी करताना काल्पनिक हवाई मार्गांच्या नकाशावर आधारित बहुघटकी कसोटी उपयोगात आली. २००२ पासून संगणकाधारित कसोटी प्रचारात आली. तीत उमेदवारास पडद्यावरील हलत्या चिन्हांना वाट करून द्यावी लागे. २०१४ मध्ये तेथे उमेदवाराच्या पूर्वायुष्याविषयीची एक प्रश्नावली चाळणी म्हणून लावण्यात आली. कामाशी तिचा संबंध कोणता, अशी तीव्र टीका झाल्यानंतर २०१८ मध्ये ती रद्द करण्यात आली. यूरोपमध्ये यूरोकंट्रोल या संस्थेने अनेक देशांना उपयोगी पडेल अशी समान निवडकसोटी तयार केली. तीत प्रथम स्मृती, अवधान, इंग्रजी यांच्या पृथक् कसोट्या व नंतर प्रत्यक्ष कामाच्या छोट्या प्रतिकृती अशी रचना आहे.

भारतातील नियंत्रणव्यवस्था : भारतात नागरी विमानवाहतूक खाते १९२७ मध्ये निर्माण झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपालाचे विमान आणले आणि नियमित देशांतर्गत हवाई सेवेचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अलाहाबादजवळील (आता प्रयागराज) बमरौली येथे नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. देशातील नियंत्रकांच्या पिढ्या तेथे घडल्या. नियंत्रणाचे काम करणारे कर्मचारी त्या काळी ‘विमानतळ अधिकारी’ या वर्गात मोडत. १९८६ मध्ये हे काम राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेले. १ एप्रिल १९९५ रोजी राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय ही दोन्ही प्राधिकरणे विलीन होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. तेव्हापासून नागरी नियंत्रकांची भरती हे प्राधिकरण करते.

सर्वच नियंत्रक मात्र या मार्गाने येत नाहीत. पुण्याचे लोहगाव विमानतळ वायुसेनेचे व गोव्यातील दाबोळी नौदलाचे असल्याने तेथे सैनिकी नियंत्रक काम करतात. त्यांची निवड सेनादलांच्या निवडमंडळांमार्फत, म्हणजे डेहराडूनच्या परंपरेतील मानसशास्त्रीय व गटकसोट्यांनी होते. परिणामी मुंबईहून पुण्यास किंवा गोव्यास जाणारे विमान एकाच प्रवासात अगदी भिन्न पद्धतींनी निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती जाते.

नागरी निवडपद्धती : प्राधिकरणातील प्रवेशाचे पद ‘कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण)’ हे आहे. भौतिकी व गणित हे विषय घेऊन मिळविलेली विज्ञानाची पदवी, किंवा अभ्यासक्रमात हे दोन विषय असलेली अभियांत्रिकीची पदवी, ही पात्रता असते. सर्वसाधारण उमेदवारासाठी कमाल वय २७ वर्षे असून आरक्षित प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. २०२२ मध्ये ४००, २०२३ मध्ये ४९६ व २०२५ मध्ये ३०९ जागांसाठी जाहिराती निघाल्या.

संगणकावर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. पहिल्या भागात इंग्रजीचे २०, तर्कबुद्धीचे १५, संख्यात्मक अभियोग्यतेचे १५ व सामान्यज्ञानाचे १० प्रश्न असतात. दुसऱ्या भागातील ६० प्रश्न भौतिकी व गणिताचे असतात. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. यशस्वी उमेदवारांच्या कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, मादक पदार्थांच्या सेवनाविषयी तपासणी, मानसशास्त्रीय मूल्यमापन व वैद्यकीय तपासणी या पायऱ्या पुढे येतात.

या रचनेत एक विसंगती दिसते. लेखी परीक्षा मुख्यतः ज्ञान व वेग मोजते. अवकाशाची जाण व विभाजित अवधान, ज्यांवर यूरोप-अमेरिकेतील कसोट्यांचा भर आहे, त्यांना तीत थोडेच स्थान आहे. गुण वजा होत नसल्याने न येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देणे परीक्षेत शहाणपणाचे ठरते. मनोऱ्यात मात्र नीट ऐकू न आलेला शब्द पुन्हा विचारणे हेच कर्तव्य असते व अंदाज हा अपराध होय. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पाठ्यपुस्तकावर आधारलेली परीक्षा कोणत्याही गावातील उमेदवारास अभ्यासाने जिंकता येते. महागडी उपकरणे वा विमानचालनाचा खर्चिक अनुभव तीत लागत नाही.

कोल्हापूर परिसर व पूर्वतयारी : ही दुसरी बाजू कोल्हापूरच्या परिसरात विशेष स्पष्ट होते. करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस पुणे–बंगळूर महामार्गालगत असून उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळ त्याच्यापासून जवळच आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या (कार. १९२२–४०) कारकीर्दीत १९३९ मध्ये येथे विमानसेवेचा आरंभ झाला. संस्थानी राजधानीला इतक्या लवकर लाभलेली ही सोय पुढे दीर्घकाळ अखंड राहिली नाही. सेवा सुरू होत व बंद पडत. प्रादेशिक जोडणीच्या ‘उडान’ योजनेनंतर २०१८ मध्ये प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्‌घाटन झाले.

विमान रोज डोक्यावरून जाणाऱ्या अशा गावातील तरुणास वैमानिक होण्याचा खर्च सहसा परवडत नाही. नियंत्रक होण्याची वाट मात्र त्याच्या आवाक्यात असते. कोल्हापुरात १८८० पासून राजाराम महाविद्यालय व १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या कक्षेतील कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांत विज्ञान महाविद्यालयांची परंपरा रुजलेली असल्याने भौतिकी-गणिताच्या पदवीची अट येथे अनेकांना पुरी करता येते. परीक्षेसाठी अकरावी-बारावी व पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील गतिशास्त्र, प्रकाशिकी, विद्युत्, कलन, सारणिक, संभाव्यता या प्रकरणांची उजळणी करावी लागते. प्रत्येक प्रश्नास सरासरी एकच मिनिट मिळत असल्याने सूत्रे समजलेली असणे पुरत नाही; तोंडी हिशेबाची सवय असावी लागते. आपल्या शाळांतील पाढे व तोंडी हिशेब या जुन्या अभ्यासाचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. अडीचकी व पाऊणकी मुखोद्गत असणारास वेग, काळ व अंतर यांची उदाहरणे जड जात नाहीत.

इंग्रजीची तयारी मात्र दुहेरी असावी लागते. लेखी प्रश्नांसाठी व्याकरण व शब्दसंग्रह पुरेसा होतो. आवाजाच्या चाचणीसाठी मोठ्याने, समान गतीने व स्पष्ट उच्चारांत वाचन करण्याचा सराव लागतो. तोतरेपणा, बोबडेपणा यांसारखे दोष नाहीत ना, हे या चाचणीत पाहतात. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारास येथे संकोच वाटण्याचे कारण नाही. परदेशी धाटणीचा उच्चार अपेक्षित नसून बोलणे निःसंदिग्धपणे समजणे एवढेच अपेक्षित असते. निवड झाल्यावर नियुक्ती देशात कोठेही होऊ शकते, त्यामुळे घराजवळचा मनोरा हा या वाटेचा आरंभ असला, तरी तिचा शेवट तेथेच होईल असे नाही.

भाषा व संदेशन : भाषेवर इतका भर का दिला जातो, हे एका दुर्घटनेने भारतात कटूपणे स्पष्ट केले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ व दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ ही विमाने एकमेकांवर आदळून त्यांतील सर्व ३४९ माणसे मृत्यू पावली. नियंत्रकाने पहिल्यास १४,००० व दुसऱ्यास १५,००० फूट उंची नेमून दिली होती. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानकर्मींची चूक व त्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान यांकडे लक्ष वेधले गेले. दिलेली सूचना वैमानिकाने परत उच्चारावयाची व नियंत्रकाने ती लक्षपूर्वक ऐकून पडताळावयाची, हा नियम जुनाच आहे. परंतु शब्द परत येणे आणि अर्थ पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व परस्परसंवाद या सहा अंगांनी भाषिक प्रावीण्य सहा पातळ्यांत मोजण्याची पद्धत घातली. ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय वाहतुकीशी संबंधित वैमानिक व नियंत्रक यांना किमान चौथी पातळी आवश्यक ठरली.

प्रशिक्षण : निवडीने नियंत्रक तयार होत नाही, तो केवळ प्रशिक्षणार्थी होतो. प्रयागराज व हैदराबाद यांखेरीज महाराष्ट्रातील गोंदिया येथेही प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आहे. विमानशास्त्र, हवामान, मार्गनिर्देशन, नियम व प्रमाण शब्दावली शिकविल्यानंतर सदृशक यंत्रावर काल्पनिक विमाने हाताळण्याचा सराव होतो. लेखी परीक्षेत न मोजलेली अभियोग्यता येथे प्रथम उघडी पडते. एका विमानाशी बोलत असताना दुसऱ्याचे भान सुटते की काय, चूक झाल्यावर मन तिच्यातच गुंतून राहते की पुढील विमानाकडे वळते, हे शिक्षकास काही दिवसांत दिसते. त्यानंतर प्रत्यक्ष केंद्रावर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्या केंद्रापुरता अधिकार मिळतो. बदली झाल्यास नव्या ठिकाणचे मार्ग, डोंगर, अडथळे व प्रथा शिकून पुन्हा कसोटी द्यावी लागते. छोट्या विमानतळावरील अधिकारी मुंबईस गेला, तर तो जवळजवळ नव्याने विद्यार्थी होतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदत असल्याने एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. असे असूनही २०१८ मध्ये तेथे एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली होती.

मर्यादा : अभियोग्यता कितीही काटेकोरपणे मोजली, तरी सुरक्षितता केवळ तिच्यावर अवलंबून ठेवता येत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेन येथे दोन विमानांची टक्कर होऊन ७१ माणसे ठार झाली. त्या वेळी झुरिक केंद्रात एकच नियंत्रक दोन पडद्यांवरील काम पाहत होता आणि काही यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होत्या. पात्र माणसावरही पेलण्यापलीकडचे ओझे टाकल्यास त्याच्या मनातील चित्र तुटते, हा या दुर्घटनेचा धडा होय. म्हणून पुरेसे मनुष्यबळ, विश्रांतीचे नियम व टक्करनिवारक उपकरणे ही निवडीची पूरक अंगे मानण्यात येतात. चरखी दादरीनंतर भारतीय आकाशात अशी उपकरणे सक्तीची करण्यात आली.

संगणक आता टकरीचा संभव आधीच दाखवितो आणि काही हिशेब स्वतः करतो. त्यामुळे नियंत्रकाचे काम सोपे झाले असले, तरी त्याची अभियोग्यता अनावश्यक ठरलेली नाही. यंत्राचा इशारा खरा की खोटा हे ठरविणे व यंत्र बंद पडल्यास चित्र मनात जिवंत ठेवणे, हे काम माणसाकडेच राहते. परीक्षेच्या तयारीत उमेदवार सूत्रे, शब्द व वेग कमावतो. स्थिर मनाने एकाच वेळी अनेक गोष्टी ऐकण्याची शक्ती त्याच्याकडे आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही बहुधा सदृशकासमोर बसल्यावरच कळते. ते आधी कळावे, म्हणजे योग्य उमेदवार नाकारला जाऊ नये आणि अयोग्याचे उमेदीचे वर्ष वाया जाऊ नये, हाच या कसोट्यांचा हेतू आहे. त्या किती खऱ्या, याचा निर्णय मात्र प्रत्येक प्रवासाच्या सुखरूप शेवटाने होत असतो.